वरळीचे इनडोअर स्टेडियम: एकाच जागेत कबड्डी, बास्केटबॉल आणि गाण्याचा कार्यक्रम कसा बसतो?

प्रश्न असा आहे: वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये कधी कबड्डी असते, कधी बास्केटबॉल, कधी गाण्याचा मोठा कार्यक्रम. मुळात खेळासाठी बांधलेली वास्तू अशा वापराने खराब होत नाही का? आणि आपल्या शहरात असे स्टेडियम उभे राहत असेल तर त्यात नेमके काय बघायचे?

थोडक्यात सांगायचे तर इनडोअर स्टेडियम वापराने बिघडत नाही. ते बिघडते एक कार्यक्रम उठून दुसरा बसण्याच्या मधल्या रात्री, घाईने आणि ओलीने. म्हणून छत, खुर्च्या, दिवे यांच्या आधी खालचा फ्लोअर आणि आतली हवा समजून घ्यावी लागते. उत्तरातला मोठा भाग त्यावरच आहे.

आधी इतिहास, कारण त्यातून एक गैरसमज दूर होतो. हाजी अलीजवळ, लाला लजपतराय मार्गावरचे सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम हे १९५७ सालचे. नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाचे म्हणून लोक त्याला एनएससीआय म्हणतात. नव्या पिढीला ते माहीत झाले प्रो कबड्डीमुळे. २६ जुलै २०१४ ला लीगचा पहिला सामना इथेच झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. ३१ ऑगस्टची अंतिम लढतही याच दोन संघांत इथेच झाली आणि जयपूरने ती ३५-२४ अशी जिंकली. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज इथे खेळले, ते एनबीएचे, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिले सामने. पहिला सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा काढला. पुढच्याच वर्षी याच फ्लोअरवर कोविड रुग्णांच्या खाटा लागल्या.

कोलकात्याचे नेताजी इनडोअर १९७५ च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेसाठी उभे राहिले, पुढे तिथे चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन आणि राजकीय मेळावेही होऊ लागले. दिल्लीचे इंदिरा गांधी स्टेडियम १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधले आणि जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक तिथे झाला. पुण्यात बालेवाडीला बॅडमिंटनच्या हॉलमध्ये प्रो कबड्डी रंगली. एका खेळासाठी बांधलेले आणि त्याच खेळापुरते राहिलेले मोठे इनडोअर स्टेडियम आपल्याकडे शोधावे लागेल. बहुउपयोग हा या वास्तूचा स्वभावच आहे. तो मान्य करून आराखडा केला तर जागा टिकते. ‘हे फक्त खेळासाठी’ असे कागदावर लिहून नंतर मांडव घालायला दिली, तर टिकत नाही.

आता फ्लोअर. कायमच्या लाकडी फ्लोअरची रचना खालून वर अशी असते: काँक्रीटचा स्लॅब, त्यावर ओल अडवणारा किमान १५० ते २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, मग रबराचे पॅड, त्यावर प्लायवूडचे दोन थर आणि सर्वांत वर मेपल लाकडाच्या २० मिमी जाडीच्या, साधारण ५७ मिमी रुंदीच्या पट्ट्या. पट्ट्या एकमेकींत खाचेत बसवतात आणि वर पॉलियुरेथेनचे थर देतात. रबर पॅड कशाला? उडी मारून खाली येणाऱ्या खेळाडूचा झटका फ्लोअरने पोटात घ्यावा म्हणून. खेळाच्या फ्लोअरसाठी असलेल्या ईएन १४९०४ या युरोपीय मानकानुसार झटका २५ ते ७५ टक्के शोषला गेला पाहिजे, चेंडूची उसळी काँक्रीटवरच्या उसळीच्या निदान ९० टक्के हवी आणि घर्षणाचा आकडा ८० ते ११० च्या दरम्यान. घर्षण कमी झाले तर पाय घसरतो. जास्त झाले तर पाय जागीच अडकतो आणि गुडघा फिरतो. दुसरी दुखापत जास्त वाईट, म्हणून ‘घसरू नये’ एवढ्याच विचाराने फ्लोअर निवडणे चूक आहे.

याच मानकात चाकाच्या भाराची चाचणी १५०० न्यूटनची आहे, म्हणजे एका चाकावर साधारण दीडशे किलो. दिवे बदलायला येणाऱ्या सिझर लिफ्टचे (माणसाला वर उचलणाऱ्या घडीच्या शिडीच्या गाडीचे) वजन दीड-दोन टन असते, लादलेल्या फोर्कलिफ्टचे त्याहून जास्त, आणि ते सगळे चार छोट्या चाकांवर. वरून पट्टीला चराही दिसत नाही, पण खालचे पॅड दबतात. महिन्याभराने त्या जागी चेंडू ‘मरतो’: ड्रिबल करताना एका ठिकाणी तो कमरेऐवजी मांडीपर्यंतच येतो. खेळाडू लगेच ओळखतात, व्यवस्थापनाला मात्र काही दिसत नाही. त्यामुळे मंचाचे सामान अशा पॅडवर बसवलेल्या कायमच्या फ्लोअरवरून न्यायचेच असेल तर ताडपत्री किंवा गालिचा पुरत नाही. आधी फोमची पातळ चादर, त्यावर १८ मिमी प्लायचे दोन थर सांधे चुकवून, आणि जड गाडीच्या वाटेवर त्यावर लोखंडी पत्रा. तरीही फोर्कलिफ्ट आत नकोच. हाताने ढकलायच्या ट्रॉल्या, रुंद चाकांच्या.

जिथे कार्यक्रम जास्त आणि खेळ कमी तिथे उलटा मार्ग बरा: खाली टणक, सपाट काँक्रीट आणि खेळाच्या वेळी वर तुकड्यांचा पोर्टेबल लाकडी फ्लोअर. एनबीएच्या दर्जाच्या सामन्यांत हीच पद्धत असते. ४ × ८ फुटांचे पॅनेल खिळी-कड्यांनी जोडत जातात. ९४ × ५० फुटांच्या कोर्टाभोवती मोकळी जागा धरून १२० × ६० फूट भरायचे म्हटले तर २२५ पॅनेल लागतात. प्रत्येकावर क्रमांक असतो आणि क्रम चुकला तर रंगवलेल्या रेषा जुळत नाहीत. जोडणी मधल्या वर्तुळापासून सुरू करून बाहेर न्यायची. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर मिमी-मिमीची चूक साठत जाते आणि दुसऱ्या टोकाला बास्केटच्या खांबाशी फ्लोअर बोटभर तिरका येतो.

खालचा स्लॅब सपाट हवा, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर तिच्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. ठेकेदाराकडून स्लॅब ताब्यात घेताना हीच एक चाचणी स्वतः उभे राहून करून घ्यावी. नंतर ती चूक सुधारणे फार अवघड जाते.

यापुढचा मुद्दा आपल्या हवेचा आहे आणि तोच सर्वांत कमी समजला जातो. मेपलला ३५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैत बाहेर ८५ टक्के सहज असते. लाकडातला ओलावा फक्त एका टक्क्याने वाढला तर ५७ मिमीची पट्टी ०.१ ते ०.२ मिमीने रुंदावते. वाचायला हे काहीच वाटत नाही. पण १५ मीटर रुंदीत अशा २६३ पट्ट्या असतात, म्हणजे एकूण २६ ते ५३ मिमी. तीन टक्के वाढ झाली तर हा आकडा १५० मिमीच्या आसपास जाऊ शकतो. भिंतीलगत दोन्ही बाजूंना ५० मिमी मोकळी फट ठेवतात ती यासाठी, आणि ती फटही मग अपुरी पडते. फ्लोअरला पसरायला जागा उरली नाही की तो वर उठतो, कधी कधी तंबूसारखा वीतभर. त्याआधीची खूण म्हणजे प्रत्येक पट्टीच्या कडा वर आणि मध्य खोल, वाटीसारखा. तिरक्या प्रकाशात हात फिरवला तर लाटा लागतात. या अवस्थेत कोणी ‘घासून सपाट करू’ म्हणाले तर करू देऊ नये. पावसाळा सरला, लाकूड सुकले की त्याच घासलेल्या कडा खोल जातात आणि पट्टीचा मध्य वर येतो. आधी ओल कुठून येते ते शोधायचे, लाकूड वाळू द्यायचे, मग घासायचे. शिवाय पट्टीच्या खाचेवरचे लाकूड थोडेच असते आणि दर घासणीत अर्धा ते एक मिमी जाते.

भिंतीलगतची ती फट झाकणाऱ्या पट्टीला खिळा भिंतीत मारायचा, फ्लोअरमध्ये नाही. फ्लोअरमध्ये मारला की फट असून नसल्यासारखी.

दुसरा धोका दवाचा. आत एसीने २४ अंश आणि फ्लोअरचा पृष्ठभाग २२ अंश आहे असे समजा. बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, २६ अंशांच्या जवळ येतो. सामानाच्या गाडीसाठी मागचे मोठे शटर उघडले की ती हवा आत येऊन थंड फ्लोअरला टेकते आणि त्यावर पाण्याचा बारीक थर धरतो. दिव्याखाली फ्लोअर चमकतो, ‘पॉलिश छान झालंय’ असे वाटते, आणि पहिल्याच धावेला खेळाडू पडतो. उपाय सोपा आहे: दोन दारांची मधली खोली, म्हणजे बाहेरचे दार बंद झाल्याशिवाय आतले उघडायचे नाही. ते नसेल तर पावसाळ्यात सामान सामन्याच्या आदल्या दिवशीच आत घ्यावे आणि शटर लावल्यानंतर एसी किमान बारा तास अखंड चालू ठेवावा. विजेचे बिल वाचवायला रात्री एसी बंद, सकाळी चालू, ही पद्धत लाकडाला सर्वांत घातक. बंद ठेवायचाच तर ओलावा शोषणारी यंत्रे तरी चालू राहिली पाहिजेत.

कबड्डीच्या मॅटकडे वळू. पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर, महिलांचे १२ × ८. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागणारी) ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्यापुढे एक मीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र (लॉबी). मॅट एक-एक मीटरच्या, दातेरी कडांच्या, एकमेकींत अडकणाऱ्या. भोवती दोन मीटर मोकळी मॅट धरली तर २३८ लागतात, तीन मीटर धरली तर ३०४. ठराविक रंगांचा तयार संच नसेल तर रेषा कुठे पडतात ते आधी कागदावर मांडावे, कारण रेषा सांध्यावर आली की पायाचा अंगठा तिथेच अडकतो. रुंदीत मांडणी अर्धी मॅट सरकवली की बाजूच्या रेषा आणि राखीव क्षेत्राच्या रेषा मॅटच्या मधोमध येतात. लांबीत मध्यरेषा मॅटच्या बरोबर मध्यावर घेतली तर अंत्यरेषा नेमकी सांध्यावर पडते. ती दहा सेंटीमीटर सरकवली की एकही रेषा सांध्यावर राहत नाही.

मॅट अंथरायला मधून सुरुवात. कडेने सुरू केले आणि शेवटची ओळ दाबून बसवली तर दोन तासांत दिव्यांच्या उष्णतेने मॅट फुगतात आणि मध्ये टेंगूळ येते. पकडीत सात जण एकावर एक पडतात तेव्हा मॅटवर आडवा जोर येतो. म्हणून बाहेरची ओळ खालच्या फ्लोअरला दुहेरी टेपने धरावी, आतल्या मॅट मोकळ्या. घाम कोरड्या टॉवेलनेच टिपायचा, ओल्या पोछ्याने पाणी सांध्यांतून खाली लाकडावर उतरते. खेळ संपल्यावर मॅट उचलून खालचा फ्लोअर त्याच दिवशी तपासावा. आठवडाभर तशाच ठेवल्या तर खाली कोंडलेल्या ओलीने पट्ट्या काळवंडतात. साठवण आडवी, थप्पी करून. भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या मॅट वाकतात आणि परत सरळ होत नाहीत.

खो-खोत अडचण खांबांची. मैदानात खांब जमिनीत गाडतात, इथे स्लॅब फोडून चालत नाही. रुंद लोखंडी पाया मॅटखाली ठेवून त्यावर १२० सेंमी उंचीचा खांब उभा करतात. पण पाठलाग करणारा खेळाडू खांबाला हात घालून पूर्ण वेगाने वळतो तेव्हा तो पाया एका बाजूने उचलला जातो. म्हणून स्टेडियम बांधतानाच खो-खोच्या खांबांसाठी आणि व्हॉलीबॉल-बॅडमिंटनच्या खांबांसाठी झाकणाच्या खोबणी स्लॅबमध्ये सोडून ठेवाव्यात. त्या वेळी हे काम किरकोळ असते.

बॅडमिंटनचे दुखणे निराळे. कोर्ट लहान, १३.४० × ६.१० मीटर, पण उंची आणि हवा दोन्हींची मागणी मोठी. मोठ्या स्पर्धांना कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची हवी. घुमटाकार छताखाली ती मध्यभागी भरपूर मिळते आणि कडेला कमी होत जाते, त्यामुळे चार कोर्ट मांडता आली तरी कडेच्या दोनवर उंच लॉब छताखालच्या सामानाला लागू शकतो. हवेचा वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या खालीच हवा. इतकी मंद हवा हाताला जाणवतही नाही, शटलला जाणवते. गाण्याच्या कार्यक्रमासाठी बसवलेले जेट पद्धतीचे एसीचे झोत हजारो माणसांची उष्णता हटवतात, पण बॅडमिंटनला तेच मारक ठरतात. एका बाजूने मारलेले शटल बाहेर जाते, दुसऱ्या बाजूने अलीकडे पडते. तपासायची रीत सोपी आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेले शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंमी अलीकडे पडले पाहिजे. दोन्ही टोकांकडून दहा-दहा शटल मारा. दोन्हीकडचा फरक सारखा एकाच दिशेचा दिसला तर दोष शटलचा नाही, हवेचा. झोतांची तोंडे प्रेक्षकांकडे वळवा, पंख्यांचा वेग कमी करा आणि हॉल चार-पाच तास आधी थंड करून ठेवा. नवे स्टेडियम बांधतानाच एसीची हवा खुर्च्यांखालून सोडायची सोय करून घेतली तर हा प्रश्न पुष्कळ सुटतो. दिवे कोर्टाच्या दोन्ही बाजूंना असावेत, डोक्यावर किंवा मागे नाहीत, नाहीतर स्मॅशसाठी वर बघताच डोळे दिपतात.

बास्केटबॉलला कोर्ट २८ × १५ आणि वर ७ मीटर पुरतात. हँडबॉलचे ४० × २० मीटर बसले तर बाकीचे बहुतेक खेळ त्यात बसतात, म्हणून नव्या स्टेडियमचा फ्लोअर निदान एवढा, अधिक भोवतालची मोकळी जागा, असाच आखावा.

कार्यक्रमांच्या बाबतीत दोन गोष्टी जिवाशी येतात. पहिली, छताला टांगलेले वजन. ‘एका हुकाला एक टन चालते’ एवढे ऐकून काम करू नये. सोळाशे किलोची सलग ट्रस (दिवे-स्पीकर अडकवायची धातूची जाळीदार तुळई) तीन समान अंतरावरच्या बिंदूंवर टांगली तर तिन्हींवर ५३३ किलो येतात असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मधल्यावर साधारण १००० आणि कडेच्या दोन्हींवर ३००-३०० येतात, कारण मधला बिंदू दोन्ही बाजूंचा भार पेलतो. वजन वर ओढणाऱ्या मोटर-हॉइस्टपैकी एक बाकीच्यांपेक्षा थोडा पुढे चढला की हे गणितही बदलते. छताचा भार-नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा हवा, आणि प्रत्येक कार्यक्रमाचा टांगणीचा आराखडा त्याच्याशी ताडून बघायला हवा. मधल्या बिंदूंवर भार मोजणारे लोडसेल लावायला सांगा, तयार कंपन्यांकडे ते असतातच.

दुसरी गोष्ट दरवाजे. खेळाच्या वेळी प्रेक्षक खुर्च्यांवर असतात आणि वरच्या दारांतून बाहेर पडतात. गाण्याच्या कार्यक्रमाला फ्लोअरवर लोक उभे राहतात. ४० × २० च्या फ्लोअरच्या ८०० चौरस मीटरपैकी मंच आणि मागची जागा २५० धरली तर ५५० उरतात, चौरस मीटरला चार याप्रमाणे २२०० माणसे. सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे जातात. एरवी आठ मिनिटांत हॉल रिकामा करायला साडेतीन मीटर रुंदी पुरते. पण धूर झाला आणि अडीच मिनिटांतच बाहेर काढायचे असेल तर जवळपास ११ मीटर लागते. एवढी दारे फ्लोअरच्या पातळीवर नसतील तर माणसांची संख्या कमी करायची, याला दुसरा तोडगा नाही. आणि मंचामागच्या काळ्या पडद्यांनी झाकलेले दार हे दार नसतेच, ते मोजणीतून वगळायचे.

आवाजाचे एका वाक्यात: घुमट आवाज एका जागी गोळा करून परत पाठवतो, तेव्हा स्पीकर छताकडे नाही तर खाली प्रेक्षकांकडे झुकवा आणि रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवर निर्णय घेऊ नका.

आपत्तीच्या काळातला वापर, जसा २०२० मध्ये झाला, तो टाळायचा नसतो. तेव्हा लाकडावर आधी सलग व्हिनाइल चादर अंथरून सांधे वेल्ड करून घ्यायचे आणि ती चादर भिंतीवर वीतभर वर चढवायची. जंतुनाशक म्हणून फवारलेल्या सोडियम हायपोक्लोराइटचा मारा थेट पॉलिशवर झाला तर चमक जाते आणि घर्षण बदलते.

राहिला करार. जागा भाड्याने देताना फ्लोअरचे दोन-दोन मीटरचे चौकोन आखून प्रत्येकाला क्रमांक द्या. ताबा देताना आणि घेताना दोन्ही पक्षांनी मिळून प्रत्येक चौकोनाचा तिरक्या प्रकाशात फोटो काढा, वीसेक ठिकाणी एकाच उंचीवरून बास्केटबॉल सोडून उसळी मोजा आणि लाकडातला ओलावा मीटरने नोंदवा. टेप कोणती चालेल हे करारातच लिहा, आणि ती काढताना उभी वर खेचायची नाही, स्वतःवर दुमडून जमिनीलगत हळूहळू ओढायची, नाहीतर रेषेबरोबर पॉलिशही निघते. दोन कार्यक्रमांमध्ये किमान एक पूर्ण रिकामा दिवस ठेवा. भाड्याच्या हिशेबात तो दिवस तोट्याचा दिसतो, म्हणून दर वेळी तोच आधी कापला जातो.